सिरक्याचं पाणी

मी मूळची नायगावाकडची, आमचं घर शेतकऱ्याचं, पाच बहिणी आन सगळ्यात धाकला भाऊ. दहावी झाली तशी माय म्हणली हिचं लगीन करा, बाप म्हणला थांब, हिला सुई द्यायला येती, नर्स होऊ दे. खरं सांगू का, ढोराच्या डॉक्टरसोबत एकदाच शेळीला सुई द्यायला गेले होते, तर शेळीच पळाली. तरी झाले नर्स. भोकरकडं आले, इकडचाच नवरा मिळाला, आता गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर झालेली, दाढीमिशीवाला गडीबी सिस्टर म्हणून पाया पडतो, काय सांगू तुम्हाला, लई हसू येतं.

तर तुम्ही त्या सिरक्याचं इचारलं. बायांच्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर व्हायच्या आधीच कळावं म्हणून तपासणी असती ना, तिला पाण्यात मिसळलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लागतंय. कापसाच्या बोळ्यानं लावायचं, मिनिटभर थांबायचं, जागा चांगली असली तर गुलाबीच राहती, बिघाड असला तर पांढरी पडती. अ‍ॅसिड म्हणलं की बाया पळत्यात, मग मी म्हणते अगं, तुझी पोरं गाड्यावर मंचुरियन खात्यात न्हाई का, त्यातला सिरका, व्हिनेगर म्हणत्यात ते, म्हणजे हेच. पण पाण्यातलं, बरं का. बाटलीतलं बिनपाण्याचं लई कडक, कातडीवर सांडलं तर भाजून फोड येत्यात. पाच भाग ते आन पंच्याण्णव भाग पाणी, तेव्हा कुठं ते बाईच्या अंगाला लावायचं.

आमच्या सासरच्या गावात पहिलं शिबिर होतं, थंडीचे दिवस, सकाळची येळ, आन एक बाई यीना. माझी थोरली जाऊ कौसाबाई, तिला म्हणलं, जाऊबाई, तुम्ही आलात तर बाकीच्या येतील, माझी इज्जत राखा. ती म्हणली मला काय धाड भरली, मी अजून जवारीचं पोतं उचलते. म्हणली खरी, पण घंटाभरानं आली, लग्नाला चालल्यावानी नवं लुगडं नेसून, मागं अकरा बाया.

जाऊबाई टेबलावर झोपली, डॉक्टर मॅडमनं हात पुढं केला, द्या सिस्टर. मी बाटली उचलली तर आत खडखड वाजलं. उजेडात धरून बघितलं तर बर्फावानी गोठलेलं. पाण्यातलं एवढ्याशा थंडीत गोठत न्हाई, कडकच गोठतंय. बूच जरा ढिलं केलं तर नाकात जाळ, डोळ्याला धार. कडक आन पाणी घातलेली, दोन्ही बाटल्या सारख्या, चिठ्ठ्या पुसलेल्या, आन गडबडीत पिशवीत घातली ती मीच. गुपचूप पाणी घालून झाकता आलं असतं, पण म्हणलं मॅडम, चूक माझी हाय, हे कडक हाय, हे लावू नका.

अकरा बाया दारातून ऐकून राहिल्या. जाऊबाई झोपल्या झोपल्या इचारती, काय झालं गं? मी म्हणलं जरा दम धरा, पाणी घालायचं राहिलंय. तर ती म्हणती, तुझं वरणबी असंच असतंय, आधी गोळा आन मग तांब्याभर पाणी. सगळ्या बाया जी हसल्या, एकबी उठून गेली न्हाई.

बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ केली, हातमोजे घातले, पंच्याण्णव मिली पाणी मोजलं, त्यात पाच मिली सोडलं, मॅडमनं दोनदा तपासलं. मग लावलं. मिनिट झालं, आन जाऊबाईची जागा पांढरी पडली.

घरी येऊन मी लई रडले, ती रडली न्हाई. नांदेडला नेलं, तपासणीत कॅन्सर न्हाई निघाला, पण त्या वाटेवर होतं. तेवढी जागा डॉक्टरांनी गरम यंत्रानं शेकून काढली, त्याच सांजच्याला बसनं घरी.

आता तर शिबिर म्हणलं की तीच पुढं, दारोदार फिरून बायांना वढून आणती, मला इचारीतबी न्हाई. माझी नोकरी दोन वरसं राहिली, तिची काही सुटत न्हाई. चहा प्या तुम्ही, गार होऊन राहिला. तुमची माय हाय ना? देव तिला सुखात ठेवो, पण बाबा, एकदा तपासायला आणा तिला.