चौथ्या कुंडीची उंची

हॅलो? … हो गं, आत्याच बोलतेय, माझ्या घरात दुसरं कोण फोन उचलणार? … अगं ऐक, आधी खाली बस. बसलीस? कारण आता जे सांगणार आहे ना, त्यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही. या डोळ्यांनी बघितलं नसतं तर माझाही बसला नसता!

… नाही नाही, मापंच सांगतेय. … माहितेय, मातीवाला दारात उभा आहे. ट्रक घेऊन आलाय? मग राहू दे उभा, ट्रकला काय मुंग्या येतात पायाला? … बरं बरं, चिडू नकोस. तीन हजार रोपं लावायचीत, ठाऊक आहे मला. चुकीची माती भरली की अख्खा हंगाम हातचा जाणार, तेही ठाऊक आहे. गेल्या साली सगळी मुळं कुजली आणि तू आठ दिवस धड जेवली नाहीस. विसरेन का मी? म्हणून तर माझ्या गच्चीवर कुंड्या आणून ठेवल्यास. चार कुंड्या, चार तऱ्हेची माती, ऊन एकच. पाणी तुझ्या त्या ठिबक नळीनं आपोआप. आत्यानं फक्त रोज सकाळी वर जायचं आणि टोमॅटोची उंची मोजायची. आता चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला हे काय अवघड आहे? माझ्या मापात कधी एका दोऱ्याचा फरक…

… तो कोट? तो माणूस कोट घरी नेल्यावर जाड झाला, त्याला मी काय करू!

हं, लिही. पहिली कुंडी, आपली साधी बागेतली माती. साडेतीन इंच. … हो, साडेतीन. मान टाकलीय बिचारीनं, नापास होऊन घरी आल्यासारखी. दुसरी, नारळाच्या भुशाची… पावणेपाच. सरळसोट. तिसरी, गांडूळखताची… सव्वापाच. कमरेत जरा भरलीय. … रोपाला कंबर असते गं! शिंपिणीला विचार.

… कालचं माप? काल… सव्वापाच. … परवाही सव्वापाचच. … वाढलं नाही म्हणजे? विचार करत असेल, पुढे वाढू की नको! … नाही, रोजच्या रोज लिहून ठेवलंय ना, इथेच कुठेतरी असेल कागद… थांब, थांब, गॅसवर दूध आहे. फोन ठेवू नकोस.

(रेडिओबाई, हसणं बंद कर आधी! मी हातानं फोन झाकलाय, पण तुझं हसणं भिंतीतून पार होतं. … अगं काय सांगू तिला? दहा दिवस जिना चढले नाही म्हणून? पडले म्हणून? मागच्या वेळी पडले तेव्हाच तिनं बजावलंय, आत्या, आता पुन्हा पडलीस की शिलाई मशीन विकायचं, घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे. … चांगली आहे गं पोरगी, त्याचीच तर भीती. वाईट असती तर बोलून विसरली असती. … तू येतेस का पटकन वर बघून? … तुझे गुडघे! काय उपयोग तुझा? मग निदान ते स्टूल तरी सरकव माझ्या पायाखाली. हळू… हळू… आई गं!)

हां, बोल. … नाही उतू गेलं. … कोण ओरडलं? शेजारची रेडिओ आलीय. … तीच, जिला बंद करायचं बटण नाही. तिचे गुडघे गं, दुसरं काय.

अगं, पण मुख्य गोष्ट राहिलीच! त्या एका कुंडीतलं रोप… रोप कसलं, माणूस म्हण! परवा मी माझा झगा वाळत घातला दोरीवर. संध्याकाळी वर गेले तर काय, त्या रोपाची एक फांदी डाव्या बाहीत, एक उजव्या बाहीत, आणि शेंडा गळ्यातून बाहेर! झगा घालून उभं! मला अंधुक उजेडात वाटलं कुणी बाई आलीय. म्हटलं, या, बसा, काय शिवायचंय? … अगं देवाशप्पथ! आणि खांद्याला बरोब्बर बसला होता गं तो झगा, मला कधी तसा बसला नाही.

… फेकतेय? मी? विचार तुझ्या बापाला, लहानपणापासून मी कधी… नको, त्याला नको विचारूस.

… कुठली कुंडी ते सांगते ना, दम धर. … अर्ध्या तासात? अर्ध्या तासात ट्रक रिकामा करणार तो? … मग परत पाठव, उद्या ये म्हणावं. … दुसऱ्याला देईल? देऊ दे की… बरं बाई. बरं.

… फोटो? या डब्याला नुसते आकडे आहेत, डोळे नाहीत. … आत्ता? आत्ता जाऊ वर? फोन कानाला लावून? … ऊन फार आहे. … ढग तुझ्याकडे असतील. … रेडिओला कसं पाठवू, तिला रोप आणि झाडू यातला फरक कळत नाही. … जाते. जाते म्हटलं ना!

(रेडिओ, ती लाकडी पट्टी दे इकडे. … मारायला नाही, जिना चढायला.)

हं, निघाले बघ. ऐकू येतंय? एक… दोन… तीन… अगं बाई, दम लागतो… चार… … कसला आवाज? पावलांचा. … लाकडी वाटतो? … हो, जिना सिमेंटचाच आहे, पण मी आपली खडावा घालून… सहा… सात… … पाचवी झाली की! तू मध्ये बोलतेस म्हणून मोजणं चुकतं.

(टेबलफॅन! टेबलफॅन लाव, माझ्या तोंडावर. … तीनवर!)

हुश्श! पोचले. काय वारा सुटलाय गं इथे, ऐकतेस ना? नुसता भणाणतोय. … हो, आहेत सगळी जागेवर. पहिली… साडेतीनच. दुसरी, तिसरी, सांगितली तशीच. आणि ही बघ, ही आपली चौथी! … तीच ती बाई, झगेवाली! ती नवी माती नाही का, चित्र छापलेल्या पोत्यातली, त्या मातीवाल्यानं दिलेली. टेप लावतेय हं… थांब, वाकू दे… दोन फूट साडेतीन इंच! सांगून टाक त्याला, हीच भर म्हणावं सगळीकडे, डोळे मिटून. फूल पण आलंय गं. पिवळं. … एक नाही, दोन.

… ऐकलंस ना? … वाऱ्यामुळे ऐकू येत नसेल. दोन फूट साडेतीन—

… काय नव्हतं?

… बी?

… चौथ्या कुंडीत तू बीच टाकलं नव्हतंस. … नुसती माती. तिच्यातून तण किती उगवतं ते बघायला. … अस्सं. … नाही, मला कसं कळणार, तू वर कुंड्या भरत होतीस तेव्हा मी खाली काजं करत बसले होते. आणि सुरुवातीला चार-पाच दिवस मी वर गेले होते, तेव्हा चारही टकल्याच होत्या…

… हो. खोटं. … तेही खोटं. … चारही.

(बंद कर गं तो पंखा.)

… ओरड, ओरड, तुझं बरोबरच आहे. माझ्या बोलण्यावर तू ट्रक उतरवून घेतला असतास, कळतंय मला. … हसत नाहीये गं. … त्या माणसाला परत पाठव. दुसऱ्याला देऊ दे माती, तुझी रोपं तरी वाचतील. आधी तू ये आणि स्वतः मोज. असतील जिवंत, तुझ्या नळीचं पाणी टपटपतं ते खाली ऐकू येतं मला. … दिवसभर ऐकत असते.

… कसं कळलं तुला? मी पायाचं एक अक्षर बोलले नाही. … रेडिओ काही बोलली का? … मग? … अच्छा, तिसऱ्याच पायरीला दम लागल्याचं नाटक केलं आणि खऱ्या 'आई गं'ला रेडिओचे गुडघे म्हणाले. हुशार आहेस. माझ्यावर गेलीस.

… दहा दिवस झाले. … वरून नाही, खालून पाचव्या पायरीवरून. … डावा घोटा. … डॉक्टरला नाही दाखवला. … मशीनचं नंतर बोलू ना, तू आधी ये तर. … सुजलाय थोडा.

… थोडा म्हणजे… अकरा इंच. उजवा नऊ आहे.

… हो गं. हे दोन्ही मोजलेत.