चार माणसांची किटली

न्हाई, मला एक सांगा, अर्धा चहा मागनं हा काय गुन्हा हाय का? तुमी सगळी शिकली-सवरलेली मानसं बसलाय हितं, तुमीच सांगा. नगरला तारखेला गेलेला मानूस दुपारी सव्वादोनला काय मागनार? अर्धा चहा. साधा. आलं असलं तर टाका, नसलं तर ऱ्हाऊ द्या. तर ती पोरगी मला म्हनती, “काका, साधं आपल्याकडे काहीच नाहीये.” आता बोला.

बरं, मी काय हौसंनं गेल्तो का तिथं? अकरा वर्सं झाली, आमची बांधाची केस चालूय. मी सूर्यभान, आन समोर कारभारी, माझा चुलतभाऊ, आन चुलत म्हंजी कसा, तर दोघांच्या घरात भिंत एकच, तिकडं त्यो शिंकला की हिकडं माझी बायको ‘सत्य हाय’ म्हनती. दीड हात बांध. तेवढ्यापायी अकरा वर्सं. आन दर तारखेला आमची रीत ठरलेली, कचेरीसमोरच्या हॉटेलात मी गल्ल्याजवळ बसून अर्धा चहा मारनार आन त्यो बेसिनजवळ बसून त्याचा अर्धा मारनार, पाठीला पाठ. का, तर माझी शपथ हाय. तंटामुक्तीवाल्यांनी आमाला मारुतीपुढं बसवून एका किटलीतला चहा पाजायचा घाट घातल्ता, तवा मी कप पालथा केला आन सगळ्या गावादेखत बोललो, ह्या कारभाऱ्याबरोबर एका किटलीतला चहा पिलो, तर ही मिशी उतरवीन. ही. बघा नीट. आज्ज्याच्या फोटोत हाय तश्शी हाय ही. तवापासनं लग्नात सुदीक मला चहा मांडवामागं आनून देत्यात, चुकून किटली एक व्हायला नको म्हनून.

तर परवाच्या तारखेला बघतो, हॉटेलच गायब. गल्ला न्हाई, बेसिन न्हाई, भज्याचा घाना न्हाई. वर बोर्ड, येमेनी कॉफी हाऊस, त्याच्यावर उंट. आता आमी उंट बघितला तो मेंढरांच्या मागनं जाताना, त्याचा कॉफीशी काय संबंध? पन पाय सवयीचं, गेलं आत. तर आत खुर्ची म्हनून न्हाई. गाद्या. आन टेबलं घोट्याएवढी. माझं गुडघे कसं हायेत हे त्या मालकाला कुनी विचारलंय का? कसाबसा घडी घालून बसलो, तर शेजारी चार पोरं, कप तोंडाला न लावता नुसतं फोटो काढत्यात आन एक म्हनतोय, “एकदम ऑथेंटिक आहे ब्रो.” आरं तू भिंगारचा, तुला कुनी कळवलं?

मग ती पोरगी आली. छातीवर नाव ज्ञानेश्वरी. म्हनलं गाव कुठलं, तर बेलापूर. श्रीरामपूरच्या अंगचं. आन ही मला शिकवती यमनात काय पित्यात. “काका, तुम्ही किशर ट्राय करा ना. पचायला हलकं असतं.” म्हनलं बाई, अर्धा चहा. “हो काका, पण आपल्याकडे किटलीच येते. चार माणसांची.” आवं मी एकटा हाय. “चालेल ना काका, सावकाश प्या.” कार्ड वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. भाव तोच हुता.

तेवढ्यात दारात कोन? कारभारी. तीच टोपी, माझ्यासारखीच केसच्या कागदांची पिशवी, त्यालाबी पायांनीच आनलेला. त्यो बेसिन हुडकायला लागला, आन ह्या पोरीनं काय करावं? हसत हसत, “काका, तुमच्यासोबतचे आले बघा,” म्हनत त्याला आनून माझ्या समोर बसवला. माझ्या समोर! दुसरी जागाच न्हाई. आता ह्यो माझ्याबरोबर न्हाई म्हनून सांगायचं, तर चारचौघांत भाऊबंदकी उकलून दाखवायची. उठावं, तर उठंल त्यो हरला. आन खरं सांगू का, गुडघ्यांनीबी उठू दिलं नसतं. त्यो तिला हळूच म्हनतोय, “अर्धा चहा.” ती म्हनली, “मग दोघांत एक किटली, बरोबर होईल.”

म्हंजी बघा. तंटामुक्तीच्या अकरा मानसांना जे जमलं न्हाई, ते हिनं दीड मिनटात केलं.

चाळीस मिनटं. चाळीस मिनटं आमी एकमेकाला बघत बसलो, कारन पाठ करायला जागा न्हाई. मी भिंतीवरच्या उंटाकडं बघितलं, त्यो उंटाकडं बघतोय. मी पिशवीतलं कागद काढलं, त्यानं काढलं, कागद तेच, आमच्या बांधाचा नकाशा. मग आली किटली. काचंची, आन खाली पेटती मेणबत्ती, गार हुऊ नये म्हनून. आता वतायची कुनी? वतंल त्यो यजमान. त्यानं हात बांधलं, मी बांधलं. म्हनलं गार झाली की पोरगीच उचलून नेईल, तर ती मेणबत्ती गार हुऊ देती का? शेवटी ज्ञानेश्वरीनंच वतली आन गेली. आन कपाला बशी न्हाई. तुमाला सांगतो, वाफ निघतीय, धरायला कपाला कानबी न्हाई, आन बशी न्हाई. माझा संयम सुटला. मी वरडलो, “बशी न्हाई का वं?” आन बरोबर तवाच समोरनं, “बशी न्हाई का वं?”

दोघांच्या तोंडातनं. एका टायमाला. सगळं हॉटेल बघाया लागलं. ती पोरगी पळत आली, “काका, येमेनमध्ये बशी नसते.” मग पित्यात कसं, पोळत्या जिभेनं? फुकून फुकून एक घोट घेतला. सुंठ लागली. बाकी काय लागंना. इचारलं ह्यात काय घातलंय, तर म्हनती, “कॉफीचं टरफल. बी काढून घेतात ना, वरचं ते साल.” आन कारभारी, अकरा वर्सांत माझ्याशी एक शब्द बोलला न्हाई त्यो, म्हनला, “आन बी कुठं गेलं?”

ती गेल्ती की निघून. आता कुनीतरी उत्तर द्यायला पायजे का नको? मी म्हनलं, “बी त्यांनी प्यायलं. भूस आपल्याकडं लावून दिलं.” त्यो म्हनला, “माझी म्हैसबी तोंड लावायची न्हाई.” मी म्हनलं, “तुझी म्हैस निवडक हाय, माझ्या बांधावरचंच खाती.” त्यो म्हनला, “आपल्या.” आन तिथनं जे आमी त्या हॉटेलाला धरलं, ते उंटापासनं गादीपर्यंत काय सोडलंच न्हाई. शिव्या देताना घसा सुकतोय, सुकला की वतायची, कुनी वतली ते आता इचारू नका. अर्धा चहा मागितला हुता मी, आन चार मानसांची किटली आमी दोघांनी रिकामी केली.

घड्याळ बघितलं, पावनेचार. तारखेची येळ तीनची, पन साहेब चारच्या आत कधी आलेलं न्हाईत, अकरा वर्सांचा अनुभव हाय. त्या दिवशी आलं. बरोबर तीनला. निम्मं निम्मं पैसं टाकून आमी पळतोय, त्यो माझ्या गुडघ्यासाठी थांबतोय, तर शिपाई म्हनतोय, “दोनदा पुकारा केला. दोघंबी गैरहजर. साहेबांनी प्रकरण बंद केलं.”

बंद. आवं जिकलो असतो तर चाललं असतं, हारलो असतो तर वर अपील केलं असतं. बंद म्हंजी काय? आता दर महिन्याला मानसानं आंगात इस्त्रीची कापडं घालून जायचं कुठं? कारभारी पायरीवर बसला. यष्टीत त्यो पुढं बसला, मी मागं. गावचं कुनी बघायला नको.

घरी पाय टाकला तर रतनबाई दारात, आमची मंडळी. “काय झालं वं तारखंचं?” आता केस बंद म्हनलं की ती इचारनार का, गैरहजर का म्हनलं की कुठं हुता, कुनाबरोबर, आन तिथनं किटली, आन किटलीवरनं सकाळच्याला सगळं गाव न्हाव्याला घेऊन दारात. तसा कायदा माझ्या बाजूनं हाय, शपथ चहाची हुती आन ते चहा न्हाईच, कसला चहा, भूस ते. पन गावाला कोन समजवनार? मी तोंड उघडनार, तेवढ्यात भिंतीपलीकडनं कारभाऱ्याचा आवाज आला, त्याच्या बायकोला सांगत हुता, चांगला मोठ्यानं, मला ऐकू यावा असा: “पुढची तारीख दिली. तेरा.”

मग मी काय सांगनार? तेराच सांगितली.

आता हे तुमच्या-माझ्यातच ठेवा, गावाकडं बोलू नका. तेराला जानं आलं. त्याच गाद्या, त्योच उंट, तेच भूस, आन किटली चार मानसांची, ती काय एकट्याला सरनार न्हाई. ह्या बारीला मी बशी घरनंच नेनार हाय, पिशवीत कागदाच्या खाली घालून. दोन नेतोय. समोरचा तोंड पोळून घेत असताना मानसानं एकट्यानं बशीत वतून प्यायचं, बरं दिसत न्हाई ते.