प्रवाळाचा हंडा

…आणि वर मलाच म्हणतात, "मंत्रीमहोदया, जरा मोठ्याने!" अहो, हजेरीला मी 'हजर' म्हणते तेच बाईंना ऐकू येत नाही म्हणून माझी गैरहजेरी लागते, ती मी मोठ्याने बोलणार? पण झालं असं, शहापूरला तालुक्याची अभिरूप संसद होती. म्हणजे मुलांनी मंत्री-खासदार व्हायचं आणि खऱ्यांसारखं भांडायचं. आमच्या शाळेला चिठ्ठीत विषय आला, मालवणच्या समुद्रातली प्रवाळं वाचवायला सरकारने निधी द्यावा का? मला वाटलं, आपण मागे बसून टाळ्या वाजवू. तर विशे बाई म्हणाल्या, "मनस्वी पर्यावरणमंत्री! मंत्र्याला काय, कागद वाचायचा असतो. आणि अक्षर चांगलं आहे तिचं."

आता मी काय बोलणार?

मग तुम्हाला सांगते, मी वाचायला लागले. मला वाटायचं प्रवाळ म्हणजे बाबांच्या अंगठीतलं पोवळं, मंगळासाठी घालतात ते. पण ते तर जिवंत असतं हो! एवढेएवढे जीव, एकमेकांना चिकटून घर बांधत बसतात, सावकाश, कुणाला न सांगता… आणि त्या घरात मासे खुशाल राहायला येतात! समुद्र तापला की मात्र त्याला जेवू घालणारं आतलं शेवाळ निघून जातं आणि ते पांढरं पडतं. घरी सांगितलं, तर आमचा संदेशकाका, कसाऱ्याला रेल्वेत आहे तो, म्हणतो, "पांढरा पडला म्हंजे साफ झाला ना? मंग निधी कशाला?" अरे काका, पांढरं म्हणजे उपाशी! असं मी त्याला ठणकावून सांगितलं. मनात.

आईचं तिसरंच. "त्या दिवशी टँकर हाय. मी कामावर जानार. तुझा समुंदर राहू दे, पान्याचा काय ते बघ." आता तुम्ही म्हणाल, धरणांच्या तालुक्यात टँकर? येतो. मार्च लागला की येतो. आणि आमच्या रांगेत माणूस उभं राहत नाही, हंडा उभा राहतो. सकाळी हंडा ठेवायचा आणि आपण आपल्या कामाला जायचं. हंडा म्हणजे माणूस! शेजारीण भरून ठेवते. दोन घरांचं बोलणं बंद असो, बांधावरून डोकी फुटलेली असोत, दुसऱ्याचा हंडा कुणी मागे सारत नाही. मीही आमचा पोचा पडलेला हंडा ठेवला, शेजारच्या आजीला पोवळ्याचं सांगितलं आणि शहापूरला गेले.

तिथे विरोधी पक्षनेता कोण? आमच्याच वर्गातला हर्षित! त्याच्या वडिलांना सरपंच व्हायचंय, त्यामुळे घरात रोज सराव. उठला, अंगात नसलेलं जाकीट खाली ओढलं, "अध्यक्ष महोदय! इथे माझ्या मायमाऊल्या हंडाभर पाण्यासाठी वणवण फिरतात, आणि मंत्रीबाईंना समुद्राची काळजी! समुद्रात पाणी कमी आहे काय?" सगळं सभागृह हसलं. अहो, याच्या अंगणात बोअर आहे, याने जन्मात कधी रांगेत हंडा ठेवलेला नाही! पण खरी पंचाईत सांगू का? तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. त्याच्या त्या मायमाऊल्यांत माझी आई होती ना… मी अर्थमंत्र्यांकडे पाहिलं. आमच्याच पक्षाची प्रियांका. ती उठली, "तिजोरी बघून कळवू," म्हणाली आणि खाली बसली.

आता मी काय बोलणार?

पण बोलले! कसं काय कोण जाणे, कागद खाली ठेवला आणि बोलले. "अध्यक्ष महोदय, आमच्या गावात हंडा ठेवतात…" आणि मग सगळं सांगितलं. मी म्हणाले, "हात आहेत त्यांनी आपापला हंडा ठेवलाय. प्रवाळाला हात नाहीत, मत नाही, ओरडता येत नाही. त्याचा हंडा कुणीतरी ठेवायला पाहिजे ना? पहिला नको. आमच्या मागे ठेवा. पण ठेवा तरी!"

मग टाळ्या, अशा टाळ्या! हर्षित उठला, मला वाटलं विरघळला. म्हणतो, "मंत्रीबाईंचा हंडा ऐकून सभागृहाचे डोळे पाणावलेत. मी दुरुस्ती सुचवतो, हा सगळा निधी टँकरला द्यावा!" भराभर हात वर! प्रियांकाचे तर दोन्ही! आणि माझा…? आई डोळ्यासमोर आली हो. माझाही अर्धा वर गेला. मंजूर! प्रवाळाला काही नाही. वर पाहुणे म्हणाले, "या मुलीने पाण्याची व्यथा काय मांडली!" आणि मला पहिलं बक्षीस, दोन कानांचा चकचकीत कप.

आता मी काय बोलणार?

घरी आले तर टँकर येऊन गेलेला. आमचा हंडा जागच्या जागी, कोरडा. शेजारची धोंडीआजी म्हणाली, "हलवला नाय गो कोनी. पानीच सरला तुझ्यापरत येईस्तोवर." आणि बोलता बोलता स्वतःच्या हंड्यातलं अर्धं पाणी आमच्यात ओतलं. "तुझ्या त्या पोवळ्याचा काय झाला? भेटला का त्याला पानी?"

"पाणी आहे गो आजी त्याला. पण तापलंय."

तिने टँकरच्या पाण्यात बोट बुडवलं. "मंग ह्या काय गार हाय?"

पुढच्या टँकरसाठी रांगेत नवे हंडे लागायला लागले होते. आमचा घरात रिकामा करून आणला आणि ठेवला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या मागे हळूच तो कप ठेवला.

"ह्यो कोनाचा गो?"

"प्रवाळाचा."

मला वाटलं आता हसेल. हसली नाही. कप उचलला, उलटा केला, निरखून पाहिला आणि होता तिथेच परत ठेवला. "ऱ्हाऊ दे. कोन नाय हलवत. पन पोरी, बुडाला भोक हाय याच्या."

…आता मी काय बोलणार?