हरेल त्याचा चेंडू

भोरच्या, सारोळ्याच्या, आमच्या विंझरच्या समद्या मंडळींना रामराम. म्या शिवराम, विंझरच्या संघाचा कप्तान. बोलायची सवय न्हाई मला, मैदानावर ओरडायची हाय. माझं ओरडणं थांबवायला आज केशवरावांची शिट्टी न्हाई, हे लई अवघड जातंय.

संस्थानाच्या कचेरीतला साधा कारकून. रविवारी धोतर खोचून पंच व्हायचे. सहा गावांची फुटबॉल लीग ह्या माणसानं एका चेंडूवर उभी केली. व्हय, एकाच. भातलावणीत आमच्या डोंगराकडं सामना न्हाई, जत्रेच्या दिवशी भोरला न्हाई. समदं त्यांच्या ध्यानात. चिठ्ठी यायची आन् आमी चालत निघायचो.

आन् नियम काय? जिंकेल त्याला टाळ्या, हरेल त्याच्या गावी चेंडू. पुढच्या सामन्याला त्यानंच तो घेऊन यायचा. म्या इचारलं, केशवराव, हे उलटं कसं? म्हणाले, "सरावाची गरज कुणाला आहे, शिवराम?"

आता आमी कसली माणसं, तुमाला ठाऊक. एका वर्षी आमी ठरवलं, मुद्दाम हरायचं. म्हंजी चेंडू आठवडाभर गावात. सामना सारोळ्याशी. बघतो तर त्यांचा गोलकीपर बांधावर जाऊन बसलेला. त्यांनीबी तेच ठरवलं होतं. आमी गोल खायला बसलोय, तेबी गोल खायला बसलेत, आन् चेंडू मधी एकटा. हसताय काय, सारोळेकर? तुमीच होता. केशवरावांनी थोडा वेळ बघितलं, शिट्टी मारली, चेंडू काखेत घेतला. म्हणाले, दोन्ही संघ जिंकले, अभिनंदन. आन् चालत भोरला निघून गेले. त्यानंतर कुणी मुद्दाम हरलं का?

गेल्या रविवारी भोरनं आमाला हरवलं. जीव तोडून खेळलो आमी. चेंडू माझ्या हातात देताना ते हसले, म्हणाले, आज खरे हरलात, न्या. बुधवारी ते गेले.

मला वाटलं, लीग संपली. कोण चिठ्ठ्या धाडणार, कोण पंच होणार? आज सकाळी केशवरावांच्या घरी जाऊन चेंडू काकूंच्या, त्यांच्या मालकिणीच्या, म्होरं ठेवला. म्हणलं, तुमच्या घरचा हाय, ठेवून घ्या. काकूंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "हरलेल्यानं ठेवायचा, असंच ना? मग परत कशाला आणलात? रविवारी जिंका, मग सोडा."

म्हून हा चेंडू हितं टेबलावर हाय. सामन्याआधी केशवराव ह्याच्या तोंडाची चामड्याची वादी स्वतः आवळायचे. तेवढा वेळ दोन्ही संघ गप उभे. आज वादी म्या आवळतो. गाठ बसेपर्यंत समदी उभी राहू, त्यांच्यासाठी.

आन् गाठीवर बोट धरायला ते नेहमी समोरच्या कप्तानाला बोलवायचे. रविवारी आमचा सामना तुमच्याशी हाय, सारोळेकर. या, बोट धरा.