सुरू व्हायला नऊ मिनिटं

लेउवार्डन शहरातल्या दुरुस्ती कॅफेत बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करून मिळतात, पण आधी फॉर्म भरावा लागतो. बाळ छातीशी बांधलेलं, हातात दूध गरम करायचं बिघडलेलं यंत्र. बाळ उठायच्या आत नंबर लागेल ना, एवढीच मला काळजी. माझ्यापुढे सत्तरीचं एक जोडपं होतं, लॅपटॉप घेऊन आलेलं.

"आउक्ये, बिघाडाच्या रकान्यात 'फार हळू' लिही."

"मी 'बिघाड नाही' लिहिलंय."

"अगं, सुरू व्हायला नऊ मिनिटं घेतो! मी तर नवाच घेणार होतो."

दुरुस्तीवाल्या बाईंनी लॅपटॉप उघडून पाहिला.

"नवा कशाला? आतली डिस्क बदलू. पंधरा सेकंदांत सुरू होईल."

"ऐकलंस?"

"ऐकलं. नको."

"का पण?"

"विट्झं, सकाळी बटण दाबल्यावर तू काय करतोस?"

"काय करणार? तुझ्यासमोर बसून कॉफी पितो."

"आणि विचारतोस, झोप लागली का, गुडघा कसा आहे. एकदा तो सुरू झाला, की जेवणापर्यंत मला फक्त तुझं टक्कल दिसतं."

बाई स्क्रू शोधू लागल्या.

"अहो बाई, चार मिनिटांवर आणता येईल का?" विट्झंनं विचारलं.

"तसं नाही करता येत हो."

"मग बदला डिस्क. आउक्ये, तो फॉर्म दे इकडे."

"काय खोडतोयस?"

"'बिघाड वापरणाऱ्यात आहे' असं लिहितोय. बघू, दुरुस्त होतो का."

"त्याला नऊ मिनिटं पुरायची नाहीत."