तीन दिवसांची झोप

धाकट्या भावाचे पत्र वर्षभर उत्तराविना पडून होते. "दादा, चर्चच्या विसावागृहात कधीही ये. चार दिवस सोबत प्रार्थना करू." मला प्रार्थना जमेल, असे कधी वाटलेच नाही.

आज टपालाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटी परिचारिकेच्या गणवेशात होती.

"ताई, चर्चच्या विसावागृहात तीन दिवस मी नुसती झोपले गं."

"मुलं माझ्या गळ्यात टाकून?"

"फादरना सांगितलं, तर म्हणाले, प्रभूच्याच घरी झोपलीस ना?"

"म्हणजे प्रार्थना झाली की नाही?"

"काय माहीत! पण काल वॉर्डात कुणावर खेकसले नाही."

"पुढच्या खेपेला मुलं तू सांभाळ. मी जाते."

मी पोस्टकार्ड घेतले. लिहिले, "येतो. उशी आणू का?" आणि पेटीत टाकले.