पहिल्या दगडाच्या वर

सन्माननीय अध्यक्ष आणि गावाचे प्रमुख गोबा नोरबू, मठातून मुद्दाम खाली आलेले लामाजी, पर्यटन समितीचे सभासद, आजचे सत्कारमूर्ती, सगळ्या गावाचे आजोबा मेमे लुंडुप आणि गावकरी मंडळी, सर्वांना जुले.

मेमे एकतीस वर्षं आपले पाटकरी होते. ओढ्याचं पाणी आज कुणाच्या शेतात जायचं, हे ते ठरवत. पाटाच्या तोंडचा, पाणी अडवणारा पहिला दगड त्यांच्याशिवाय कुणी हलवायचा नाही. माझ्या वडिलांनी एकदा हलवला, तेव्हा भर सणात अख्ख्या गावासमोर त्यांना माफी मागावी लागली होती. आता पाण्याची टाकी आणि नळ्या आल्या, म्हणून समितीने हे पद बंद केलं. मेमेंच्या गळ्यात मानाचा पांढरा खताक घातला, त्यांचं फावडं रंगवून या भिंतीवर टांगलं आणि खाली पाटी लावली. छान झालं. पण खरंच छान झालं का?

टाकीचा अर्ज मी लिहिला होता. गावात कॉलेजला गेलेली मीच, म्हणून. त्यात एक वाक्य आहे: ‘पाणी वरच्या अंगाने घेतल्यास शेतीस अडचण येणार नाही.’ हे मी कुणाला विचारून लिहिलं? कुणालाच नाही. आज अकरा घरांच्या नळ्या थेट ओढ्यात, त्या पहिल्या दगडाच्या वर आहेत. लामाजी, क्षमा करा, मठाच्या अतिथीगृहाचीही त्यातच आहे. मग दगडापाशी वाटायला उरतं काय?

गेल्या आठवड्यात मेमे माझ्या होमस्टेच्या अंगणात आले. "पोरी, आज पाळी कुणाची?"

"आमा यांगडोलची."

"मग तिच्या जवाचं पाणी तुझ्या पाहुण्यांच्या डोक्यावर काय करतंय?"

"मेमे-ले, ते दोनदा आंघोळ करतात. मी काय करू?"

"दोनदा? फोटो काढून एवढा घाम येतो?"

मी चिडून म्हटलं, "मग करा ना बंद!" त्यांनी नळीला हात लावला नाही. म्हणाले, "माझा हक्क दगडावर. नळीवर तुम्ही मला ठेवलंच कुठे?"

आमा यांगडोल मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे जव कंबरेएवढे हवे होते, ते गुडघ्याएवढ्यावरच पिवळे पडलेत. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही, तर जनावरांना घालावे लागतील. समितीच्या तीन बैठकांत मी हे बोलले. तिन्ही वेळा पुढचा विषय निघाला: मठाकडे जाणाऱ्या वाटेवरचे दिवे.

असो. आभार मानायचं काम माझ्याकडे आहे. आपण सगळे आलात, आभारी आहे. चहाला उशीर होईल, आणि वरच्या खोल्यांतले पाहुणे ओरडत असतील, तर दोन्हींसाठी मला माफ करा. सकाळी मी माझी नळी ओढ्यातून काढून आले. एका नळीच्या पाण्याने शेत भिजत नाही, हे मला कळतं. बाकीच्या दहा नळ्यांचे मालक समोरच बसलेत. पण जे थोडं पाणी सुटलं, ते एव्हाना दगडापाशी पोचलं असेल, आणि तो हलवायचा हक्क एकाच माणसाला आहे.

गोबासाहेब, तेवढं फावडं खिळ्यावरून काढून द्या.